खारीकचा पोळा

दत्तराव आजोबांनी टेबलावर ठेवलेला स्टीलचा डबा मला आधी दुधाचा वाटला. झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं दिसली तेव्हा कळलं, आत काहीतरी जिवंत आहे.

“डाक्टरसाहेब कुठं गेले?” त्यांनी विचारलं.

“कॉलवर आहेत. दुपारनंतर येतील.”

“अन् तुमी कोन?”

हा प्रश्न मला तेव्हा रोज कोणीतरी विचारायचं. मी इंटर्न होते. व्हेटर्नरी कॉलेजची वर्षं संपली की डिग्री हातात पडण्याआधी काही महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम करावं लागतं. माझी नेमणूक कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्याच्या अलीकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात झाली होती. दवाखाना म्हणजे जनावरांचा. दोन खोल्या, समोर लिंबाचं झाड, आणि बैल उभा करून बांधायला लोखंडी पाइपांचा खोडा. माणसं तीन. आमचे डॉक्टर सर, परिचर जब्बारमामा आणि मी.

मी सेनगावकडच्या तांड्यावरची. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्यामुळे बैल मला पुस्तकाआधी माहीत होता. पण बैल घेऊन आलेला शेतकरी मला पाहिलं की सरांची वाट बघत झाडाखाली बसायचा. “तुमी लेकरू हाव, लाथ बसंल,” असं प्रेमानेच म्हणायचा. मग माझ्या वाट्याला कुत्री, कोंबड्या आणि शेळ्या यायच्या.

तो पोळ्याचा दिवस होता. पोळ्याला आमच्या खात्यात फार धावपळ असते. बैलाला पुरणपोळी, गहू, ज्वारी असं काय काय प्रेमाने खाऊ घालतात आणि त्याचं पोट फुगतं. सर सकाळी आठपासून अशाच एका बैलाकडे गेले होते.

“मीही डॉक्टरच आहे,” मी म्हणाले. “म्हणजे, होणार आहे. काय झालं ते सांगा.”

आजोबांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि झाकण काढलं.

आत एक पेरूएवढा प्राणी अंग आकसून बसला होता. रंग मूळचा तांबूस सोनेरी असावा. आता केसांच्या चिकट बटा झाल्या होत्या आणि दोन्ही खांदे हळदीने पिवळेधमक होते. डोळे अर्धे मिटलेले. डब्यातून लोण्याचा वास येत होता.

“हा तर हॅमस्टर आहे,” मी म्हणाले. उंदराच्या कुळातला, आखूड शेपटीचा हा पाळीव प्राणी मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

“व्हय, तेच नाव सांगती ती. पुन्याचा हाये. माझ्या नातीचा.”

जब्बारमामा डोकावले. “लो. पोळ्याकू अब उंदीर बी बीमार पडने लगे.”

“उंदीर नगा म्हनू, मामा,” आजोबा गंभीरपणे म्हणाले. “तिला राग येतो. खारीक नाव हाये त्याचं.”

हळूहळू सगळं कळलं. आजोबांची लेक पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली होती. सोबत तिची नऊ वर्षांची मुलगी, सई. बाळंतपण म्हणजे तीन-चार महिन्यांचा मुक्काम, म्हणून सईचं नाव तात्पुरतं गावातल्या शाळेत घातलं होतं. तिची इथे कोणाशी ओळख नव्हती. आई दिवस भरत आल्यामुळे पडून असायची. पोरीला बोलायला एवढा एक खारीकच होता. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पिंजऱ्याजवळ जायची.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुवून त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात. वर्षभर जू ओढून खांदे दुखतात, म्हणून तो मान. सई मामाबरोबर बैल धुवायला ओढ्यावर गेली होती. आजोबा ओसरीत एकटे होते. पिंजऱ्यातलं ते जनावर बघून त्यांना वाईट वाटलं.

“म्या म्हनलं, घरातल्या समद्या जनावरांचा सन हाये, यालाच काहून सोडावं? कोमट पान्यानं धुतलं. खांदे मळले. बैलाला आवतन देतो तसं कानात सांगितलं, उद्या जेवाया ये म्हनून.” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “सकाळी सई उठली की तिला दाखवायचं होतं. पहाटं पाह्यलं तं हे असं.”

“सईला माहीत आहे?”

“न्हाई. ते कागदाखाली झोपलं हाये असं समजती ती. दिवसा झोपतंच ते. पर बाई, आज सांच्याला बैल तोरनाखालून निघतात, तवा ती याला हातात घेऊन बैलामागं चालनार हाये. चार दिसांपासून तेच सांगून राहिली.” आणि मग हळूच म्हणाले, “तिच्या डोळ्यादेखत मेलं तं मला कधी आजा म्हनायची न्हाई.”

मी खारीकला हातात घेतलं. अंग गार होतं. निरोगी हॅमस्टर हाताला गरम लागतो असं मी वाचलं होतं. छाती फार भराभर हलत होती. आमच्या कपाटात जेवढी औषधं होती ती तीन-चारशे किलोच्या जनावरासाठी होती. हा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असेल. औषधाच्या एका थेंबाची चूक त्याला पुरली असती. म्हणून मी ठरवलं की औषध द्यायचंच नाही, आधी ऊब द्यायची.

सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरलं, तिला टॉवेल गुंडाळला आणि तिच्या कुशीत त्याला ठेवलं. कोरड्या मऊ फडक्याने अंग टिपलं, घासलं नाही. ग्लुकोजच्या पाण्याचे थेंब बारीक सिरिंजने, सुई काढून, ओठाला लावले. पहिले दोन ओघळले. तिसरा त्याने चाटला.

“आजोबा, याला पाणी लावायचंच नसतं,” मी सांगितलं. “हा मूळ कोरड्या, रेताड मुलखातला प्राणी. तो स्वतःच पंजाने आणि जिभेने अंग साफ करतो. केसांवर त्याचं स्वतःचं तेल असतं, त्यानेच ऊब टिकते. आपण धुतलं की ते तेल जातं आणि थंडी आत शिरते. वर लोणी लावलं, ते त्याने चाटलं. त्यामुळे पोटही बिघडलं असेल. लेंड्या कशा पडतात? घट्ट का पातळ?”

“ते सईला ठावं. पिंजरा तीच साफ करती. मला हात लावू देत न्हाई.”

मी मान हलवली आणि पुढच्या गोष्टीकडे वळले. त्या मान हलवण्याबद्दल नंतर सांगते.

“हे चिकट केस कसे जातील मंग?”

“नदीची बारीक रेती घ्या. चाळा, कढईत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, आणि उद्यापासून एका ताटलीत ठेवा. तो आपणहून लोळेल. रेती तेल शोषून घेते.”

“फुटाने बी डालो उसमें,” जब्बारमामा म्हणाले. पण बोलता बोलता बाटलीतलं पाणी त्यांनीच दुसऱ्यांदा बदललं.

तासाभराने खारीकने डोळे उघडले. मग मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन पंजांनी तोंड पुसायला लागला. आजोबा स्टुलावरून उठून उभेच राहिले. मला वाटलं आता हात जोडतात की काय, म्हणून मी घाईने पुढचं सांगायला लागले.

“घरी नेल्यावर कोरडं, मऊ अंथरूण पाहिजे. आता काय घालता?”

“कागदाच्या पट्ट्या. ती बसून फाडती.”

“पावसाळी हवेत कागदाने ऊब यायची नाही. कापूस आहे का, स्वच्छ?”

“आता कापूस इचारता व्हय आमाला?” आजोबांचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. “वातीसाठी निवडून ठेवलेला हाये. बाळाच्या उशीसाठी बी हाये. एक सरकी सापडायची न्हाई.”

“मग मूठभर चांगला पिंजून त्याच्या कोपऱ्यात घाला.”

आमच्या तांड्यावर थंडीत जन्मलेलं अशक्त करडू कापसाच्या टोपलीत ठेवतात. मी स्वतः ठेवलेलं आहे आणि ते जगलेलं आहे. सांगताना मला एका क्षणाचीही शंका आली नाही.

आजोबा डबा उपरण्याखाली धरून निघाले. जाताना म्हणाले, “आलो व्हतो ते सईला कळू देऊ नगा. कधी भेटली तं.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

आता रजिस्टर. आमच्याकडे प्रत्येक केस लिहावी लागते. बैल, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, कोंबडी अशी घरं छापलेली असतात आणि शेवटी ‘इतर’. त्या वर्षात ‘इतर’मध्ये काहीच नव्हतं. मी तिथे एक आकडा लिहिला. खरं सांगायचं तर त्या आकड्याकडे मी दिवसभरात तीनदा पाहिलं.

सर संध्याकाळी आले तेव्हा दमलेले होते. मी खारीकची केस थोडक्यात सांगितली.

“औषध काय दिलंस?”

“काहीच नाही, सर. ऊब दिली फक्त.”

“बरोबर,” ते म्हणाले आणि बूट काढायला लागले. सर सहसा ‘बरोबर’ म्हणायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आजोबा पुन्हा आले. या वेळी डबा नव्हता. त्यांच्यापुढे गणवेशातली एक मुलगी चालत होती आणि तिने दोन्ही हातांनी पिंजरा छातीशी धरला होता. आजोबा दोन पावलं मागे.

“तुम्ही डॉक्टर मॅडम ना?” तिने विचारलं. “खारीक मागचा पाय टेकवत नाहीये.”

मी पिंजऱ्यात पाहिलं. खारीक अंगाने बरा दिसत होता. केस पुष्कळ मोकळे झाले होते, खांदे मात्र अजून पिवळे होते. पण डावा मागचा पाय वर उचललेला आणि सुजून लाल. एक बोट काळपट पडलं होतं. सभोवती पांढराशुभ्र, सुरेख पिंजलेला कापूस. आजोबांनी मूठभर नाही, चांगला ओंजळभर घातला होता.

“पडला का कुठून?” मी विचारलं.

“नाही. पोळ्याला त्याला घेऊन बैलामागे चालले तेव्हा ठीक होता. दुसऱ्या दिवसापासून तो पाय झटकतोय. जेवणही कमी झालंय. रात्री तो पिंजऱ्यातल्या चाकात पळतो, ते पण बंद.” ती एक-एक गोष्ट नीट सांगत होती. “लेंडी आधी पातळ होती, काल घट्ट झाली. आणि ओला कोपरा मी रोज काढते. तो एकाच कोपऱ्यात शू करतो, म्हणून तेवढाच काढते. बाकीचं आठवड्याने. सगळं एकदम बदललं तर तो घाबरतो, त्याला त्याचा वास येत नाही. म्हणून जुनं थोडं ठेवायचं.”

माझ्या पुस्तकात हॅमस्टरवर अकरा ओळी होत्या. त्यात यातलं निम्मंही नव्हतं.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“पुण्याच्या दुकानातल्या काकांनी. त्यांनी वहीत लिहून दिलंय सगळं. आंघोळ नाही. फिनाईल नाही. कापूस नाही.”

“कापूस नाही?” मी विचारलं.

“हो. कापसाचे धागे पायाला गुंडाळतात. पण आजोबा म्हणाले, फाट्यावर डॉक्टर मॅडम भेटल्या, त्यांनीच सांगितलंय. मग मी काढला नाही.”

बाहेर खोड्यात एक म्हैस उभी होती, तिची साखळी वाजत होती.

मी पाय उजेडात धरला. काळपट बोटाच्या मुळाशी एक खाच दिसत होती, जणू कोणी दोरीने आवळलं आहे. दोरा मात्र दिसत नव्हता. सुजेत रुतला होता. कापसाचा तंतू किती मजबूत असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी वेचणीला गेले आहे मी. मोठं जनावर तो सहज तोडतं. शंभर ग्रॅमच्या जनावराला तो तारेसारखा. तो जितका पाय झटकत होता तितका फास आवळत होता. आणखी एक-दोन दिवसांत बोटाबरोबर पाय गेला असता, आणि पायातून विष अंगात गेलं असतं तर जीवही.

पुस्तकात ‘कापूस घालू नये’ असं लिहिलेलं नव्हतं हे खरं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या घरी कापूस पिकत नसावा. पण विचारायला एक माणूस होता, हे आजोबांनी त्याच दिवशी नाव घेऊन सांगितलं होतं. पिंजरा तीच साफ करते, असं. मी मान हलवून पुढे गेले होते.

गप्प बसणं सोपं होतं. धागा काढला असता, मलम लावलं असतं, आणि पाय कशाने सुजला हे कोणी विचारलंही नसतं. पण मुलीला उत्तर माहीत होतं. ते तिने मला आत्ताच सांगितलं होतं. फक्त माझ्यावर विश्वास ठेवून तिने स्वतःचं खरं बाजूला ठेवलं होतं.

“सई,” मी म्हणाले, “तुझे दुकानातले काका बरोबर आहेत. कापूस घालायला मी सांगितलं. ती चूक माझी आहे. आजोबांची नाही.”

तिने पिंजऱ्याची जाळी धरून ठेवली.

मग मागून आजोबांचा आवाज आला. ते आपल्या चपलांकडे बघत होते. “अन् पान्यानं धुतलं म्या. तू ओढ्यावर गेलती तवा. तू इचारलं तवा न्हाई म्हनलो, ते खोटं होतं.”

“मला माहीत होतं,” सई म्हणाली. “त्याची ताटली ओली होती.” मग आमच्या दोघांकडे बघून ती म्हणाली, “तुम्ही दोघांनी मला विचारायचं ना. मी कुठे लांब होते?”

“विचारायला हवं होतं,” मी म्हणाले.

“आता काय करायचं?” तिने विचारलं.

धागा कापायचा होता. पण तो मला दिसत नव्हता आणि आमची सगळ्यात लहान कात्री त्या पायापेक्षा मोठी होती. मी जब्बारमामांना विचारलं, “फाट्यावर घड्याळ दुरुस्त करणारे आहेत ना? त्यांचं ते डोळ्याला लावायचं भिंग मिळेल का? आणि बारीक चिमटा?”

मामांनी या वेळी काही टोमणा मारला नाही. सायकल काढली. अर्ध्या तासात परत आले ते घड्याळवाल्या चाचांना मागे बसवून.

“औजार मैं किसीकू देता नहीं,” चाचा उतरत म्हणाले. “इसलिए खुद आ गया. घडी किधर है?”

मामांनी खारीककडे बोट दाखवलं. चाचांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने भिंग पुसायला लागले.

मी भिंग डोळ्यात बसवायचा प्रयत्न केला. ते सारखं पडायचं. ते डोळ्याभोवतीचे स्नायू आवळून धरावं लागतं आणि ते वर्षानुवर्षांच्या सवयीचं काम आहे. शेवटी चाचा म्हणाले, “मॅडम, मैं धागा उठाके देतो. काटनेका काम तुमचं.”

चिमटे, पातं आणि कात्री स्पिरिटने पुसून घेतली. खारीकला कोणी धरायचं हा प्रश्न होता. मामांनी बैल धरायच्या तयारीने बाह्या सरसावल्या, पण सईने आधीच त्याला टॉवेलात घेतलं होतं. अंगठा आणि बोटांत मानेची कातडी हलकेच धरून, पाठ तळव्यावर. तिने करडईचा एक दाणा त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तो गालात भरला. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात, त्यात तो खाणं साठवतो.

“तो दाणा सांभाळत असतो तेव्हा हलत नाही,” ती म्हणाली.

चाचा वाकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. “दिसून राहिला. घडी के बालकमानी सारका है. दो फेरे हैं.” बालकमानी म्हणजे घड्याळातली गुंडाळलेली बारीक स्प्रिंग. चिमट्याचं टोक खाचेत गेलं आणि एक केसाएवढी पांढरी कड वर आली. मी नव्या पात्याचं टोक तिच्याखाली सरकवलं. पातं कातडीला लागू नये म्हणून धार वरच्या दिशेला केली. हात स्थिर राहावा म्हणून मनगट टेबलावर टेकवलं, हे सरांनी शेळीला टाके घालताना शिकवलं होतं.

पहिला फेरा तुटला. दुसरा खोल होता. त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. तिसऱ्या वेळी रक्ताचा एक थेंब आला आणि धागा मोकळा झाला. चाचांनी तो चिमट्याने सोडवून माझ्या तळव्यावर ठेवला. फुंकर मारली असती तर उडाला असता.

सर तेवढ्यात आले. दारात उभं राहून त्यांनी हे सगळं पाहिलं. आजोबा, नात, घड्याळवाले चाचा, आणि टॉवेलात हॅमस्टर. आत येऊन त्यांनी पाय तपासला.

“बोट जाईल,” ते सईला म्हणाले. माणूस मोठा असो की लहान, सर एकाच सुरात बोलत. “आपोआप गळून पडेल. ओढायचं नाही, बांधायचं नाही. कोरडं ठेवायचं. पाय राहील.”

“चाकात पळेल?”

“का नाही पळणार? बैलाच्या पायाला तर दोनच बोटं असतात. तरी चालतो ना तो?”

सई पहिल्यांदा हसली. कापूस तिने स्वतः काढला, एक धागाही मागे ठेवला नाही. जब्बारमामांनी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला तर तिने नको म्हटलं, शाईचा कागद नको, कोरा पाहिजे. तेव्हा मामांनी सरांकडे बघत कपाटातले न वापरलेले जुने फॉर्म काढले. आजोबा आणि मामा दोघं खाली बसून पट्ट्या फाडायला लागले.

सगळे गेल्यावर मी सरांना सांगितलं. कापूस मी सुचवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

“मग लिही,” सर म्हणाले.

“काय लिहू?”

“रजिस्टरमध्ये. कारण काय, सल्ला कोणी दिला, काय केलं. जसं झालं तसं.”

“माझं नाव?”

“दुसऱ्या कोणाचं लिहिणार?” त्यांनी चष्मा काढला. “हे बघ राठोड, बैलाच्या बाबतीत तू अशी चूक केली नसतीस. का? बैल आपल्याला येतो म्हणून नाही. बैल आणला की आपण दहा प्रश्न विचारतो. हा लहान आहे, म्हणून तू तीनच विचारलेस.”

मी लिहिलं. ‘इतर’च्या घरात दुसरी ओळ आणि पुढे माझं नाव. अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं. पण लिहिल्यावर रात्री झोप लागली, हेही खरं.

बोट आठव्या दिवशी गळलं. सईने ते काडेपेटीत ठेवून मला दाखवायला आणलं. नंतरच्या आठवड्यात खारीक पुन्हा चाकात पळायला लागला. आजोबा सांगत होते, रात्री त्या चाकाचा एवढा आवाज येतो की घरातलं नवं बाळ रडायचं थांबून ऐकत राहतं. बाळ मुलगा झाला होता. दिवाळीनंतर सगळे पुण्याला गेले. जाण्याआधी सईने वहीतला मजकूर माझ्यासाठी उतरवून दिला. दोन पानं होती. खाली तिने स्वतःची एक ओळ वाढवली होती: ‘पोळ्याला फक्त हळदीचं बोट लावावं, तेही कोरडं.’ ती पानं मी हॅमस्टरच्या अकरा ओळींच्या शेजारी चिकटवली आहेत.

तेव्हापासून मी एक प्रश्न वाढवला. कोणतंही जनावर आलं की ताप, खाणं, रवंथ हे विचारण्याआधी मी विचारते, “याचं शेण कोण काढतं?” पहिल्यांदा लोक हसायचे. एक जण म्हणाला, “काहून, तुमाला पायजे का गोवऱ्यांना?” पण उत्तर जवळजवळ नेहमी सारखंच यायचं. बायको. आई. सून. पोरगी. जनावर दवाखान्यात पुरुष आणतात, आणि त्याच्या पोटातलं रोज सकाळी ज्यांना दिसतं त्या घरी असतात.

माझी इंटर्नशिप संपायच्या आठवड्यात दत्तराव आजोबा आले. सोबत बैल होता आणि बैलामागे पदर डोक्यावर घेतलेली एक बाई.

“खाऊन न्हाई राहिला,” आजोबा म्हणाले. “पोट साफ व्हायचं औषध द्या.” मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. “ठावं हाये. शेन सूनबाई काढती. तिला संगंच आनलंय.”

सूनबाई आधी सासऱ्यांकडे, मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, पोट बराबर हाये त्याचं. पर चार दिस झाले, शेनात सरकी आख्खीच्या आख्खी येऊन राहिली.”

अख्खी सरकी म्हणजे बैल चावत नव्हता. सर कॉलवर होते. आजोबांनी स्वतः बैलाचं डोकं खोड्याला बांधलं आणि बाजूला सरून मला जागा दिली. मी त्याचं तोंड उघडलं. दाढेमागे, गालाच्या आतल्या बाजूला, बाभळीचा एक लांब काटा रुतला होता.

काटा काढला. पोटाच्या औषधाची बाटली कपाटातच राहिली.